डेटा सेंटर शेजारी आलं तर: वीज, पाणी, आवाज आणि आपण



आजचा विषय कोल्हापूरला जरा लांबचा वाटेल. आपल्याकडं अजून मोठं डेटा सेंटर उभं नाही. पण आयटी पार्क पाहिजे ही मागणी जुनी आहे, आणि मुंबई-पुण्यात जागा महाग होत चालल्या की उद्योग महामार्गालगतच्या शहरांकडं वळतात, हे आपण पाहिलं आहे. तेव्हा असं केंद्र आपल्या दारात येण्याआधी ते काय असतं, काय खातं, काय बाहेर टाकतं, हे समजून घेऊ. विरोध करायचा की स्वागत, हे तुम्ही नंतर ठरवा. आम्ही आज हिशेब मांडणार आहोत.

तुमचे फोटो, बँकेचे व्यवहार, सातबाराचा उतारा हे सगळं ‘क्लाउड’वर असतं असं म्हणतात. शब्द फसवा आहे. ते आकाशात नसतं. ते ऐरोली, रबाळे, महापे, चांदिवली, पनवेल अशा ठिकाणी, खिडक्या नसलेल्या मोठ्या इमारतींत असतं. त्या इमारतींत हजारो संगणक कपाटांत रचून ठेवलेले असतात. त्यांना सर्व्हर म्हणतात. देशातल्या डेटा सेंटरच्या एकूण क्षमतेपैकी सुमारे निम्मी एकट्या मुंबई-नवी मुंबई पट्ट्यात आहे. का? समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या बऱ्याच केबल वर्सोव्याला किनाऱ्यावर चढतात, शेअर बाजार आणि बँका मुंबईत आहेत, आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगत एमआयडीसीच्या तयार जागा होत्या. एकेकाळी तिथं रासायनिक कारखाने होते. रस्त्याच्या एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला ऐरोली-घणसोली-कोपरखैरणेच्या वसाहती. म्हणजे घर आणि केंद्र यांच्यामध्ये रस्ता आणि रेल्वे, बस्स. एमआयडीसीच्या हद्दीतल्या झोपडपट्ट्यांना तर तेवढंही अंतर नाही. ॲमेझॉननं २०२५ च्या जानेवारीत महाराष्ट्रात २०३० पर्यंत ८.३ अब्ज डॉलर गुंतवण्याचं जाहीर केलं. हे लोण थांबणारं नाही.

आता पहिली गोष्ट नीट लक्षात घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मिक्सरमध्ये गेलेल्या विजेचं वाटण होतं, पंपात गेलेल्या विजेनं पाणी वर चढतं. सर्व्हरमध्ये गेलेल्या विजेचं काय होतं? हिशेब होतो, चित्र दिसतं, हे खरं. पण भौतिकशास्त्राच्या भाषेत त्या विजेतला जवळजवळ प्रत्येक युनिट शेवटी उष्णता होतो. डेटा सेंटर म्हणजे एक प्रचंड शेगडी आहे, आणि त्या शेगडीला सतत गार ठेवावं लागतं, नाहीतर ती स्वतःच जळेल. शेजाऱ्यांना जे काही सोसावं लागतं, त्यातलं बहुतेक या एका वाक्यातून निघतं: उष्णता कुठंतरी जावी लागते.

केवढी उष्णता? आकडा घेऊ. मध्यम आकाराचं केंद्र ५० मेगावॅटचं धरू. आज याहून मोठी केंद्रं होतात, पण हिशेबाला बरं पडतं. पूर्ण भारावर ५० मेगावॅट म्हणजे तासाला ५० हजार युनिट, दिवसाला १२ लाख युनिट. आपल्या साध्या घराचं लाईट बिल महिन्याला दीडशे युनिटचं धरलं तर दिवसाला पाच युनिट. म्हणजे हे एक केंद्र २ लाख ४० हजार घरांएवढी वीज घेणार. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. घरात चार-साडेचार माणसं धरा, सव्वा लाख घरं होतात. एक इमारत, आणि शहरातल्या सगळ्या घरांच्या जवळपास दुप्पट वीज. तीही रात्रंदिवस, बारा महिने. आपल्या शिरोलीच्या फौंड्रीची भट्टी सुट्टीला थंड पडते. हे थंड पडत नाही.

सुरुवातीला केंद्र अर्धंच भरतं, टप्प्याटप्प्यानं वाढतं, हे मान्य. म्हणूनच पहिल्या टप्प्याचा आकडा दाखवून परवानगी मागितली की शेवटच्या टप्प्याचा आकडा विचारायचा.

ही उष्णता बाहेर काढायच्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिली वाट आपल्या माठाची. पाणी झिरपतं, वाऱ्यानं उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. गुऱ्हाळात काहिलीवरून वाफ जाताना तुम्ही पाहिली आहे. कूलिंग टॉवरमध्ये तेच होतं, फक्त इथं गूळ मिळत नाही. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण दोन-तृतीयांश युनिट एवढी ऊर्जा लागते. दिवसाची १२ लाख युनिट उष्णता सगळी याच वाटेनं काढली तर रोज १८ लाख लिटर पाणी हवेत जाणार. माणशी १३५ लिटर या सरकारी निकषानं तेरा हजारांहून जास्त लोकांचं पाणी. आणि पाणी उडालं तरी त्यातले क्षार मागं उरतात. ते साचू नयेत म्हणून काही पाणी सतत काढून टाकावं लागतं, साधारण आणखी चौथा ते तिसरा हिस्सा. ते खारट पाणी कुठं जाणार? आपल्याकडं त्याचं उत्तर फार वेळा ‘पंचगंगेत’ असंच आलेलं आहे.

दुसरी वाट हवेची. मोटारीच्या रेडिएटरसारखी. पाणी बंद नळ्यांत फिरतं, वर मोठमोठे पंखे त्यावर वारा मारतात. पाणी फारसं लागत नाही. कंपन्या आजकाल अभिमानानं सांगतात, आमचं केंद्र पाणी वापरत नाही. खरं असतं ते. पण मग वीज जास्त लागते, आणि गच्चीवर शेकडो पंखे चोवीस तास फिरतात.

पाणी वाचलं, पण कुणाचं, हेही विचारा. जास्तीची वीज कोळशाची असेल तर औष्णिक केंद्रातही पाण्याची वाफ होतेच. केंद्र सरकारच्या २०१५ च्या अधिसूचनेनं जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागं साडेतीन लिटरची मर्यादा घातली आहे. म्हणजे इथं वाचलेलं पाणी तिकडं चंद्रपूरच्या इरई धरणातून जाऊ शकतं. हिशेब पुसला जात नाही, दुसऱ्याच्या वहीत जातो.

आता आवाज. परदेशात डेटा सेंटरच्या शेजाऱ्यांच्या तक्रारींत आवाज फार वर येतो. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याच्या उत्तर भागात या केंद्रांची जगातली सगळ्यात मोठी दाटी आहे, आणि तिथं घरांच्या मागंच केंद्रं आली तेव्हा लोकांनी रात्रीच्या घरघरीबद्दल आवाज उठवला. आपल्याकडं कायदा काय सांगतो? ध्वनिप्रदूषण नियम, २०००. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. औद्योगिक भागात दिवसा ७५, रात्री ७०. आता प्लॉट औद्योगिक आणि कुंपणापलीकडचं घर निवासी असेल तर कुठला आकडा लावायचा? कंपनी कुंपणाच्या आतलं मोजते, तुम्ही झोपता बाहेर. हा पहिला झगडा.

दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, म्हणून जरा सावकाश सांगतो. आवाज मोजायचं यंत्र माणसाच्या कानाची नक्कल करतं. कानाला खर्जातला आवाज कमी ऐकू येतो, म्हणून यंत्रही तो कमी धरतं. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारा ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झचा ‘हूंऽऽऽ’ असा आवाज काढतो. या सुरातून यंत्र सुमारे १९ डेसिबल वजा करतं. म्हणजे खरा आवाज ६० डेसिबल असला तरी यंत्रावर दिसणार ४१. रात्रीच्या ४५ च्या मर्यादेच्या आत! कागदावर सगळं ठीक. पण हाच खर्जातला आवाज भिंती-खिडक्यांना फारसा जुमानत नाही. खिडकी लावली की बाहेरचे हॉर्न, कुत्री, वाऱ्याचा आवाज कमी होतो, आणि तो ‘हूंऽऽऽ’ तेवढा उरतो. माणूस म्हणतो झोप येत नाही, अधिकारी म्हणतो यंत्रात काही दिसत नाही. दोघंही खरं बोलत असतात. म्हणून मोजणी मागताना खर्जाच्या पट्ट्यांची वेगळी मोजणी मागायची.

आणखी एक गणित. कंपनी एका पंख्याचं प्रमाणपत्र दाखवते: ६० डेसिबल. छान. पण तसे दहा पंखे एकत्र लावले की १० डेसिबल वाढतात, शंभर लावले की २०. परवानगी पंख्याला मिळत नाही, गच्चीला मिळते. तेव्हा सगळे पंखे चालू असताना, एप्रिल-मेच्या रात्री, घराच्या बाजूनं किती आवाज येईल, हा आकडा मागायचा.

मग येतात जनरेटर. डेटा सेंटरला एक सेकंदही वीज जाऊन चालत नाही. म्हणून वीज गेली तर पूर्ण भार उचलतील एवढे डिझेल जनरेटर असतात. ५० मेगावॅटला २००० केव्हीएचे जनरेटर घेतले तर ते तीस-पस्तीसच्या घरात जातात. एरवी बंद असतात, पण चालू स्थितीत ठेवायला अधूनमधून चालवून बघावे लागतात. चिमणीच्या उंचीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सूत्र आहे: इमारतीच्या उंचीत केव्हीएच्या वर्गमूळाचा एक-पंचमांश मिळवा. २००० केव्हीएला इमारतीच्या वर सुमारे नऊ मीटर. पण हे सूत्र एका जनरेटरचा विचार करतं. तीस एकदम चालले आणि शेजारची सोसायटी केंद्रापेक्षा उंच असली, तर धूर वरच्या मजल्यांच्या खिडक्यांत जाणार. शिवाय एवढं डिझेल साठवायचं म्हणजे नागपूरच्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचा परवाना, आग लागली तर काय याची तयारी, आणि बॅटऱ्यांच्या खोल्यांची वेगळी तयारी.

आपल्या कोल्हापूरला इथं एक खास प्रश्न आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. दोन्ही वेळा वीज उपकेंद्रं पाण्यात गेली, पाण्याचे पंप बुडाले, आणि चहूकडं पूर असताना शहर पिण्याच्या पाण्याला महाग झालं. ऐरोलीत वीज काही तास गेली तर जनरेटर काही तास चालतील. इथं महापुरात ते कित्येक दिवस चालू शकतात. त्याच वेळी रस्ते बंद, डिझेलचे टँकर अडकलेले, आणि आजूबाजूला पुरातून सोडवून आणलेली माणसं शाळांत उतरलेली. पुण्या-मुंबईत तयार केलेल्या अहवालात हा प्रसंग असेलच असं नाही. तो आपण घालायला लावायचा.

इथपर्यंत कुंपणालगतचं बोललो. पण ज्या शेजाऱ्याला केंद्र दिसतसुद्धा नाही, त्याचं काय? मुंबईत चेंबूरच्या पलीकडं माहुल आहे. तेलशुद्धीकरण कारखाने, रसायनांच्या टाक्या आणि ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र यांच्या मधोमध लोक राहतात. त्यात तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडल्यावर इथं आणून ठेवलेली कुटुंबंही आहेत. तिथली हवा वाईट आहे हे राष्ट्रीय हरित लवादानंही मानलं आणि २०२० मध्ये चार कंपन्यांना मोठा दंड सुनावला. ट्रॉम्बेचा कोळसा बंद करायचा विचार होता, पण मुंबईची विजेची मागणी वाढती म्हणून २०२३ च्या अखेरीस त्याला मुदतवाढ मिळाली, आणि या वाढत्या मागणीत डेटा सेंटरचं नाव पुढं आलं. चांदिवलीच्या किंवा ऐरोलीच्या केंद्राच्या काचा स्वच्छ असतात. धूर माहुलमध्ये निघतो. दोष एकट्या डेटा सेंटरचा नाही, मुंबईतला प्रत्येक एसी त्यात आहे. पण चोवीस तास न थांबणारा नवा भार आला की जुना कोळसा बंद करणं अवघड होतं, एवढं मात्र नक्की.

आयर्लंडमध्ये हे देशाच्या पातळीवर घडलं. २०२३ मध्ये तिथल्या एकूण विजेपैकी २१ टक्के डेटा सेंटरनी घेतली. शहरांतल्या सगळ्या घरांनी मिळून १८ टक्के. डब्लिन परिसरात नव्या केंद्रांना वीजजोडणी देणं काही वर्षं जवळपास थांबवावं लागलं. सिंगापूरनं २०१९ पासून तीनेक वर्षं नवी केंद्रंच थांबवली आणि मग कडक अटींवर थोडी उघडली. सांगायचा मुद्दा, श्रीमंत देशांनाही आधी मोजावं लागलं आणि मग हो म्हणावं लागलं.

आता कायद्याकडं येऊ. पुष्कळांना वाटतं, एवढा मोठा प्रकल्प आला तर जनसुनावणी होईलच, तेव्हा बोलू. होणार नाही. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत डेटा सेंटर हा वेगळा प्रकारच नाही. बांधकाम २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असलं तर ते ‘इमारत प्रकल्प’ म्हणून पर्यावरण मंजुरीला जातं, आणि इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. मोठं औष्णिक केंद्र काढायचं तर गावाला विचारावं लागतं. त्याची वीज खाणारी इमारत काढायची तर कायदा तिला अपार्टमेंटसारखी धरतो. आपल्याला बोलवणार कुणी नाही, हे धरूनच चालायचं.

मग वाटा कुठल्या? महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं, आधी उभारणीचं आणि मग चालवण्याचं. त्यातल्या अटी वाचता येतात, अर्ज करून मागता येतात. पर्यावरण मंजुरीचा प्रस्ताव आणि अटी सरकारी संकेतस्थळावर असतात. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. आणि विजेच्या दरांवर महाराष्ट्र वीज नियामक आयोग सुनावणी घेतो, तिथं कुणीही ग्राहक हरकत नोंदवू शकतो. नव्या उच्चदाब वाहिन्या आणि उपकेंद्रांचा खर्च कुणाच्या बिलात जाणार, हे विचारायची जागा ती.

कोल्हापूरला हा धडा नवा नाही. रस्त्यांच्या प्रकल्पात करार आधी झाला, रस्ते झाले, टोलनाके उभे राहिले, आणि मग करारात काय लिहिलंय ते आपण वाचायला बसलो. एन. डी. पाटील सरांसारखी म्हातारी माणसं उन्हात रस्त्यावर उतरली. वर्षानुवर्षं लढून टोल गेला, पण तो घालवण्याची किंमत शेवटी सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या खिशातूनच गेली. करार सहीच्या आधी वाचला असता तर हे स्वस्तात पडलं असतं.

तेव्हा सहीच्या आधी पाच आकडे मागायचे. एक, शेवटच्या टप्प्यात वीज किती, आणि त्यातली कोळशाची किती. दोन, एप्रिल-मे महिन्यात रोजचं पाणी किती, कुठलं, आणि उरलेलं खारट पाणी कुठं जाणार. तीन, सर्वांत जवळच्या घराच्या खिडकीशी रात्रीचा आवाज किती, खर्जासकट. चार, जनरेटर किती, चिमणी किती उंच, डिझेल किती, चाचणी किती वाजता, आणि महापुरात किती दिवस. पाच, कायमच्या नोकऱ्या किती, त्यातल्या स्थानिकांच्या किती, आणि करातली सूट वजा जाता महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या हातात काय पडणार. बांधकामाला माणसं खूप लागतात, चालवायला फार थोडी. तेवढ्याच विजेवर आपल्या फौंड्र्या किती घरं चालवतात, हे उद्योजकांनी जरूर सांगावं.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: ‘आपण सगळे मोबाईल वापरतो, मग तक्रार करायचा काय हक्क?’ रास्त प्रश्न आहे. आपण साखर खातो, म्हणून कारखान्यानं मळी नदीत सोडावी असं कुणी म्हणत नाही. वापरणाऱ्यालाच नीट चालवा म्हणायचा हक्क जास्त असतो.

दुसरी: ‘मग यावं की येऊ नये?’ नीट आणता येतं, हे आम्हाला वाटतं. पाण्याचंच बघा. कसबा बावड्याच्या सांडपाणी केंद्राची क्षमता दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटरची आहे. आपल्या ५० मेगावॅटच्या केंद्राची सगळी गरज चोवीस लाखांच्या आत. अजून एकदा शुद्ध करून तेच पाणी दिलं तर कुणाच्या नळाला हात लावावा लागत नाही. नवी मुंबई महापालिका प्रक्रिया केलेलं सांडपाणी एमआयडीसीतल्या उद्योगांना देते. आवाजासाठी घरापासून अंतर आणि पंख्यांभोवती भिंती. धुरासाठी चाचणीच्या ठरलेल्या वेळा. जागा पूररेषेच्या बाहेर. हे सगळं होतं, पण खर्चाचं असतं, आणि मागितल्याशिवाय कुणी करत नाही. दुधगंगेचं पाणी इचलकरंजीला द्यायचं म्हटल्यावर दोन्हीकडची माणसं रस्त्यावर आली. ते तर पिण्याचं पाणी होतं. सर्व्हर गार करायला नदीचं पाणी मागितलं तर काय होईल, याचा विचार कंपनीनंही करावा.

एक काम मात्र आजच करण्यासारखं आहे. गोकुळ शिरगाव, शिरोली, कागलच्या एमआयडीसीशेजारी जे राहतात, त्यांनी आपल्या परिसरातला रात्रीचा आवाज आणि विहिरी-बोअरची उन्हाळ्यातली पातळी तारीख घालून लिहून ठेवावी. मोबाईलवरची मोजणी कायद्यात टिकणार नाही, पण शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं यंत्र मिळवता येतं. उद्या काही आलं तर ‘आधी असं नव्हतं’ हे तोंडी सांगून भागत नाही. आधी कसं होतं याचा कागद लागतो, आणि तो केंद्र आल्यावर तयार करता येत नाही.

मोजणी कशी करायची ते शिकायचं असेल त्यांनी खाली टेबलावर नावं द्यावीत.